बसतंय की! छोट्या स्पोर्ट्‌स कारमध्ये चार जादा चाकं बसवल्याचं प्रकरण

गाडीचं नाव मी लिहिणार नाही. कोल्हापुरात ती एकच आहे. नाव लिहिलं की मालक कोण, त्याची फौंड्री कुठल्या एमआयडीसीत आणि तो रविवारी सकाळी मिसळ कुठं खातो, हे सगळं दुपारपर्यंत सगळ्यांना कळेल. एवढं पुरे की गाडी दोन दारांची आहे, मागं नावापुरती दोन आसनं आहेत आणि मागची काच छपरापासून उतरत डिकीच्या टोकापर्यंत जाते. त्या मागच्या आसनांवर कोणी बसल्याचं मी अजून पाहिलेलं नाही. एकदा त्यावर वांग्यांची पिशवी होती, एवढंच.

माझं दुकान शिवाजी उद्यमनगरात. अलाइनमेंट, बॅलन्सिंग आणि टायरची उठाठेव. मालकाच्या वडिलांची मॅटाडोर माझ्या हाताखालनं गेलेली, त्यामुळं पोरगं मला काका म्हणतं आणि मी त्याला अरे-तुरे करतो. नोव्हेंबरात तो आला तेव्हा नवी सेमी-स्लिक, म्हणजे ट्रॅकसाठीचे कमी खाचांचे टायर, घातलेली चार अलॉय चाकं दुकानात तयार होती.

"काका, ही चेन्नईला न्यायची."

"ट्रान्सपोर्टनं?"

"हिच्यातच."

मी गाडीकडं बघितलं, चाकांकडं बघितलं, आणि पोऱ्याला चहा सांगितला.

प्रश्न काय होता

चेन्नईजवळ इरुंगाट्टुकोट्टईला मद्रास इंटरनॅशनल सर्किट आहे. मद्रास मोटर स्पोर्ट्‌स क्लबचा हा ट्रॅक, लांबी सुमारे ३.७ किलोमीटर, १९९० पासून चालू. त्याआधी त्या मंडळींच्या शर्यती शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर व्हायच्या. गंमत अशी की आपल्या उंबऱ्यावरनं जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४८ बेळगाव, हुबळी, दावणगेरे, बंगळूर करत थेट त्या ट्रॅकच्या दारावरनं जातो. कावळा नाक्यावरनं निघायचं आणि महामार्ग न सोडता नऊशेच्या वर किलोमीटर कापले की ट्रॅक. पोराला याचंच जास्त अप्रूप होतं. हुपरी रोडच्या मोहिते ट्रॅकवर त्यानं लहानपणी कार्टिंग केलेलं. आता त्याला मोठ्या ट्रॅकवर स्वतःच्या गाडीनं, स्वतः चालवत जायचं होतं.

मग सेमी-स्लिक घालूनच का जायचं नाही? याची तीन कारणं. पहिलं, ते रबर मऊ असतं. जाऊन-येऊन दोन हजार किलोमीटरचा डांबरी रस्ता त्याला खाऊन टाकतो आणि ट्रॅकसाठी घेतलेले टायर हायवेवर संपतात. दुसरं, त्यावर खाचा कमी. पाणी बाहेर फेकायला जागाच नाही, त्यामुळं साचलेल्या पाण्यावर गाडी तरंगायला लागते. कोल्हापूरकराच्या डोक्यात पाऊस म्हणजे जून ते सप्टेंबर. पण चेन्नईचा खरा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर. म्हणजे रस्त्याचे टायर जाताना तर हवेतच, ट्रॅकवरही लागू शकतात. तिसरं, ट्रॅकवर टायर बाद झाला तर घरी यायला चाकं हवीत.

ट्रान्सपोर्टचा मार्ग त्यानं आदल्या वर्षी करून बघितला होता. खासगी बसच्या डिकीतनं पार्सल टाकलेलं. पोरगं ट्रॅकवर शनिवारी सकाळी आणि चाकं बंगळूरच्या कुठल्या तरी गोदामात सोमवारपर्यंत. ट्रेलर ओढायचा तर आरटीओत त्याची वेगळी नोंदणी, शिवाय या गाडीला हुक लावायलाच जागा नाही. टपावर कॅरिअर लावायची सूचना माझ्या पोऱ्यानं केली. मालकानं त्याच्याकडं ज्या नजरेनं बघितलं, ती लिहिण्यासारखी नाही.

कागदावरचं गणित

टायरचा साइज २४५/४० आर १८. ज्यांना हे आकडे म्हणजे टेलिफोन नंबर वाटतात त्यांच्यासाठी: २४५ मिलिमीटर रुंदी, त्या रुंदीच्या ४० टक्के म्हणजे ९८ मिलिमीटर उंचीची बाजूची भिंत आणि १८ इंची रिम. रिमचे ४५७ मिलिमीटर आणि वरखाली दोन भिंतींचे १९६ धरून चाकाचा व्यास ६५३ मिलिमीटर. टेपनं मोजलं तर ६५ सेंटिमीटरच भरला. जाडी २५. काट्यावर एक चाक साडेएकवीस किलो. चार मिळून ८६.

गाडीच्या माहितीपत्रकात मागची आसनं पाडल्यावर डिकी ७०० लिटर. एका चाकानं अडवलेली जागा नळकांड्याच्या सूत्रानं ८४ लिटर, चारांची ३३६. पोरगं इंजिनिअर. त्यानं मोबाइलवर भागाकार करून मला दाखवला: "काका, निम्मीपण लागत नाय. बसतंय की!"

ही लिटरची भाषा फसवी आहे. सातशे लिटर पाणी त्या डिकीत नक्की मावेल, कारण पाणी कोपऱ्यात जातं. चाक कोपऱ्यात जात नाही. डिकीचं माप कंपन्या छोट्या ठोकळ्यांनी भरून काढतात. चाकाला हवी असते एकसंध, ६५ सेंटिमीटरची मोकळी गोल जागा, आणि तिथवर पोचायला वाट. माझदाच्या एमएक्स-५ ची आताची पिढी घ्या. डिकी १३० लिटरची, म्हणजे सूत्रानं तिचं स्वतःचंच एखादं चाक जाऊन वर जागा उरायला हवी. प्रत्यक्षात दुसरं चाक सोडाच, पहिलंच कसं तिरकं घालायचं याचं कोडं होतं. छत डिकीत दुमडणाऱ्या गाड्यांची तर गोष्टच वेगळी. बीएमडब्ल्यूच्या जुन्या झेड-४ ची, २००९ ला आलेल्या पिढीची, डिकी छत वर असताना ३१० लिटर आणि छत खाली घेतलं की १८०. त्यात चाकं भरून कुणी चुकून छताचं बटण दाबलं तर काय होईल, ते मला बघायचं नाही.

पहिला प्रयत्न, जो मी नसताना झाला

मी दुपारी जेवायला गेलो. परत आलो तर चारही चाकं आत! दोन-दोनच्या दोन थप्प्या, एक पुढच्या सीटांमागं, एक तिच्या मागं तिरपी रचलेली. पोरगं कमरेवर हात ठेवून उभं.

"बघा. बसलं का न्हाई?"

डिकीची काच बंद होती खरी, पण बंद करताना शेवटच्या दोन बोटांना त्यानं तळव्यानं दाबून लॅच अडकवली होती. मी काचेला कान लावला आणि पोऱ्याला गाडी दुकानासमोरच्या गतिरोधकावरनं न्यायला सांगितली. आतून 'कर्र' आवाज आला. परत आणून उघडली तर वरच्या चाकाची कड काचेच्या आतल्या बाजूला घासलेली. काच शाबूत, पण धुकं घालवायच्या ज्या तांबूस बारीक तारा काचेवर छापलेल्या असतात, त्यातल्या दोन तुटलेल्या. अशा तारा चांदीच्या रंगलेपानं जोडता येतात आणि तशा आम्ही जोडल्याही, पण तो सबंध दिवस पोरगं माझ्याशी नजर मिळवत नव्हतं.

चूक कुठं झाली ते टेपनं दाखवलं. पुढच्या सीटांच्या पाठीमागं काचेखाली ६२ सेंटिमीटर उंची मिळत होती, डिकीच्या ओठाशी ३१. मधली लांबी १४२. म्हणजे दर पाच सेंटिमीटर मागं गेलं की उंची एका सेंटिमीटरपेक्षा थोडी जास्त घटते. दोन चाकांची थप्पी ५० सेंटिमीटरची. थप्पीची पुढची कड आरामात बसते; मागची कड ६५ सेंटिमीटर मागं असते, आणि तिथं उंची उरते जेमतेम ४८. दोन सेंटिमीटरची मारामारी. काच लवते म्हणून लॅच लागली, इतकंच. दुसरी थप्पी तर तिरपी करूनच घातलेली, ती कशाच्या आधारावर उभी होती हे देवाला ठाऊक.

त्यानं हवा सोडायचा प्रस्ताव मांडला. वॉल्व्हची पिन काढली की टायर बसेल आणि दोन सेंटिमीटर मिळतील, असा हिशेब. करून बघितलं. साध्या टायरची भिंत मऊ असते, सेमी-स्लिकची ताठ. हवा गेल्यावरही ती रिमवर तशीच ऐटीत उभी. वर दुसरं चाक ठेवून दोघांत मिळून आठ-नऊ मिलिमीटर सुटले. शिवाय रिमची स्वतःची रुंदी काही हवेनं कमी होत नाही.

मग काय केलं

मी थप्पी हा शब्दच बाद केला. चाकं एकावर एक ठेवायची नाहीत, असं ठरवून सुरुवात केली. मोठ्या पुठ्ठ्यातून ६५ सेंटिमीटरच्या चार चकत्या कापल्या. फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा यासाठी उत्तम. कडक असतो आणि फुकट मिळतो. साडेएकवीस किलोचं चाक शंभरदा आतबाहेर करण्यापेक्षा चकत्या फिरवलेल्या बऱ्या. माझ्या कंबरेचंही वय झालंय.

दोन्ही चाककमानींच्या मध्ये रुंदी १०० सेंटिमीटर मिळाली. दोन चाकं एकामागं एक सरळ रेषेत आडवी ठेवली तर १३१ सेंटिमीटर लांबी खातात. पण एक डावीकडं भिडवलं आणि दुसरं उजवीकडं, तर त्यांच्या केंद्रांत आडवं ३५ सेंटिमीटरचं अंतर पडतं, आणि पायथागोरस म्हणतो की लांबीत ५५ च पुरेत. एकूण १२१. दहा सेंटिमीटर फुकट. शाळेत या माणसाला आम्ही इतक्या शिव्या दिल्या होत्या!

दोन चाकं अशी आडवी, एकेरी थरात बसली. काचेपासून टोकाशीही पाच-सहा सेंटिमीटर मोकळे. दोन उरली.

तिसऱ्याची जागा मला सापडली ती झाडू मारताना. मागची आसनं पाडली की डोळ्यांना सपाट फरशी दिसते, आणि माणूस त्या फरशीवरच विचार करत राहतो. पण पुढच्या सीटची पाठ आणि पाडलेलं आसन यांच्यामध्ये मागच्या माणसांच्या पायांची खळगी तशीच असते. ती फरशीपेक्षा जवळजवळ ३० सेंटिमीटर खोल. ड्रायव्हरच्या मागची खळगी त्याची सीट मागं असल्यानं संपलेली. पण डावी सीट पुढं सरकवली तर तिच्यामागं हातभर फट तयार होते, आणि चाकाला हवी २५ सेंटिमीटर. चाक आडवं न ठेवता, ताटासारखं उभं, त्या फटीत सोडलं. गाडीच्या मधोमध लांबीत जाणारा जो उंचवटा असतो, त्यावर त्याची कड जरा अडते, त्यामुळं पाच सेंटिमीटर वर राहतं. तरी फरशीच्या वर जेमतेम ४० सेंटिमीटर दिसतं आणि काच तिथं ६२ वर. पुढं सीटची पाठ, मागं पाडलेल्या आसनाची कड आणि तिला टेकलेलं आडवं चाक. हललं तर कुठं जाईल?

चौथं चाक डाव्या सीटवर. हे सगळ्यांना पहिल्याच मिनिटाला सुचतं आणि सगळे ते करतातही: सीटवर चाक ठेवायचं, पट्टा अडकवायचा, निघायचं. माझा सगळ्यात जास्त वेळ याच चाकावर गेला.

सीटवरचा पाहुणा

पहिली अडचण एअरबॅगची. सीटच्या आत वजन ओळखणारी चटई असते. तिला माणूस आणि चाक यांतला फरक कळत नाही. आम्ही हे गुळानं तपासलं. शेजारच्या लेथवाल्याकडं शाहू मार्केट यार्डातनं आणलेले दहा-दहा किलोचे दोन रवे होते. एक ठेवला, गाडी गप्प. दुसरा ठेवला, पट्ट्याची टुंटुं सुरू. म्हणजे गाडीच्या लेखी साडेएकवीस किलोचं चाक हा पट्टा न लावलेला प्रवासी, आणि धडक झाली तर त्या प्रवाशासाठी एअरबॅग फुटणार. समोर तोंडाऐवजी अलॉय असेल तर ती बॅग चाकाला ड्रायव्हरकडं किंवा दाराकडं भिरकावणार. या गाडीला डॅशबोर्डच्या कडेला किल्लीनं पुढची प्रवासी एअरबॅग बंद करायची सोय होती, लहान मुलाची सीट बसवणाऱ्यांसाठी दिलेली. ती बंद केली, दिवा लागल्याचं पाहिलं. ज्या गाडीत ही सोय नाही, त्या गाडीच्या पुढच्या सीटवर मी चाक ठेवू देणार नाही. सीटच्या दाराकडच्या फुगवट्यात दुसरी, बाजूची एअरबॅग असते. ती त्या किल्लीनं बंद होत नाही, म्हणून तिच्यासमोर काहीही टेकू द्यायचं नाही.

दुसरी अडचण बांधण्याची. पोराचं म्हणणं, "पट्टा माणसाला धरतो, चाकाला धरंना व्हय?" धरतो, पण माणसाला खांदा आणि कंबर असते. गोल वस्तूवरनं पट्टा घसरतो. जोर किती येतो, तेही सांगतो. करकचून ब्रेक लावला तर चाकाचं जवळजवळ स्वतःच्या वजनाइतकं, वीस किलोच्या आसपास, ओझं पुढं येतं. ते कुठलीही दोरी धरेल. पण ताशी ५० किलोमीटरनं गाडी धडकून अर्ध्या मीटरात थांबली, तर वेग तुटण्याचा दर गुरुत्वाच्या सुमारे वीसपट होतो. साडेएकवीस किलोचं चाक त्या क्षणी सव्वाचारशे किलोच्या वरचा धक्का देतं. डोळ्यासमोर बुलेट आणा आणि तिच्यावर दोन-तीन माणसं बसवा.

त्या सीटच्या सांध्यात आयसोफिक्सचे दोन लोखंडी आकडे होते, २८ सेंटिमीटर अंतरावर, थेट बॉडीला पक्के. मुलांच्या सीटसाठीच ते असतात आणि मूल अधिक सीट मिळून ३३ किलोंसाठी धरलेले असतात. हा आकडा मी भिंतीवर खडूनं लिहिला, कारण पोरगं दोन चाकं सीटवर ठेवायच्या गोष्टी करायला लागलं होतं. दोन चाकं म्हणजे ४३ किलो. एक चाक साडेएकवीस, वर चौकट. बसतंय.

चौकट शेजारच्या लेथवाल्यानं केली. एक इंची चौकोनी पाइप, खाली सीटच्या गादीवर बसेल अशी पाटी, मागं आयसोफिक्सच्या आकड्यात अडकणारे दोन जबडे, आणि पाटीवर चाकाची कड बसेल असा अर्धगोल खोबणीचा लाकडी ठोकळा. चाक माणसासारखं पाठ टेकून बसतं, डिशचं तोंड पुढं. मधल्या भोकातनं १६ मिलिमीटरचा बोल्ट मागच्या पट्टीत, पुढनं जाड वॉशर आणि नट. वरनं गाडीचा स्वतःचा पट्टा स्पोकमधनं ओवून कुलूपबंद. चौकटीचं वजन पाच किलो, म्हणजे एकूण साडेसव्वीस. त्याचे पैसे लेथवाल्यानं घेतले नाहीत; त्याला गाडीतनं एक फेरी हवी होती. ती फेरी त्यानं पुढच्या पौर्णिमेला जोतिबापर्यंत मारून घेतली, घाटात डोळे मिटून.

चाकाचा व्यास सीटपेक्षा मोठा, त्यामुळं ते दोन्हीकडं थोडं बाहेर येत होतं आणि गिअर टाकताना पोराचं कोपर रबराला लागत होतं. खोबणी तीन सेंटिमीटर दाराकडं सरकवली. बाजूच्या एअरबॅगसमोर मोकळी जागा राहिली का हे परत परत बघितलं. राहिली, पण याहून जास्त सरकवता आलं नसतं. डावा आरसा दिसत होता, कारण त्याची नजररेषा सीटच्या पुढनं जाते. पण मान वळवून डावीकडं मागं बघायचं म्हणजे काळं वर्तुळ. आरशावर साठ रुपयांचा छोटा गोल आरसा चिकटवला.

मागची तीन

मागं नुसती जागा मिळाली म्हणून काम झालं, असं नाही. आसनं पाडलेली असताना डिकी आणि ड्रायव्हरचं डोकं यांच्यात काहीच उरत नाही. डिकीतले छोटे हुक पिशव्या अडकवायला असतात. त्यांच्यावर माझा भरवसा नाही. मागच्या आसनांनाही आयसोफिक्सचे आकडे असतात, आणि मागच्या पट्ट्यांची कुलपं बॉडीला बोल्टनं बसवलेली असतात. २५ मिलिमीटरच्या रॅचेट पट्ट्या त्यांतनं ओढल्या, प्रत्येक चाकाच्या स्पोकमधनं नेऊन. पट्टीच्या लेबलवर एलसी म्हणून एक आकडा छापलेला असतो, पट्टी किती ओढ सोसते त्याचा, तो बघून घ्यायचा. लेबल नसलेली पट्टी म्हणजे शोभेची नाडी. आमच्या पट्ट्यांवर ५०० होता, ढोबळमानानं तितके किलो सरळ ओढीत. एका चाकाला दोन पट्ट्या, उलट्या दिशांनी. खाली चाकांमध्ये गोणपाट, म्हणजे रिमला रिम लागत नाही आणि रबर घसरत नाही.

हे सगळं करताना लक्षात आलं की डिकीच्या तळाशी फोमच्या ट्रेमध्ये पंक्चरचं द्रावण आणि कंप्रेसर आहे, आणि आता त्यावर दोन चाकं बसलीत. या गाडीला स्टेपनी मुळातच नाही. २०२० पासून आपल्याकडं नियमच असा आहे की ट्यूबलेस टायर, हवेचा दाब सांगणारी यंत्रणा आणि दुरुस्तीचा संच असेल तर छोट्या गाडीला स्टेपनी नसली तरी चालते. मग पंक्चर झाल्यावर चाकं उपसून कंप्रेसर काढायचा? आणि त्याहून मजा: चार-चार स्टेपन्या घेऊन निघालेल्या माणसाकडं जॅकच नव्हता!

ट्रे काढून घरी ठेवला. तळ थोडा खाली गेला, तेवढी काचेखाली आणखी जागा मिळाली. कंप्रेसर, द्रावण, छोटा कात्री जॅक, टॉर्क पाना, बोल्टचा सॉकेट असं सगळं फडक्यात गुंडाळून आडव्या चाकांच्या रिमच्या पोकळीत गेलं. अठरा इंची रिमच्या आत एक मोठं पातेलं भरेल एवढी जागा रिकामीच असते. मागच्या, डिकीच्या ओठाजवळच्या रिममध्ये जॅक आणि कंप्रेसर, म्हणजे काहीही न उपसता हाताला येतो. कपड्यांची बॅग ड्रायव्हरच्या मागच्या चिमटीत. डबा मांडीवर, असं मी म्हटलं. ते त्यानं मनावर घेतलं नाही.

चाचणी

भरलेली गाडी अलाइनमेंटच्या पाट्यांवर घेतली. मागची बाजू १२ मिलिमीटर खाली बसली होती. वजन एका प्रवाशाएवढंच, पण बहुतेक मागच्या धुरीजवळ. दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर भरल्या गाडीचा हवेचा दाब वेगळा दिलेला असतो, तो बहुतेकजण आयुष्यात वाचत नाहीत; तो भरला. हेडलाइटचा झोत एक घर खाली घेतला.

मग निपाणीच्या पुढं तवंदी घाटापर्यंत जाऊन यायचं ठरलं. मी बरोबर जाऊ शकत नव्हतो, माझ्या जागेवर चाक बसलेलं! मोटरसायकलवरनं मागं गेलो. कोगनोळी टोलनाक्याजवळ पोलिसांनी थांबवलं आणि पहिला प्रश्न, "टायर विकायला चाललाय काय?" पोराच्या मोबाइलमध्ये टायरचं बिल होतं म्हणून पाच मिनिटांत सुटका. त्या दिवसापासून बिलाची छापील प्रत गाडीत.

घाटात मोकळा तुकडा बघून, मागं कोणी नसताना, त्यानं तीनदा जोरात ब्रेक लावला. नंतर उघडून बघितलं. सीटवरचं चाक जागचं हललं नव्हतं. पण मागच्या सहापैकी दोन पट्ट्या दोन बोटं जातील इतक्या सैल. हे होतंच. चाकं गोणपाटावर दबून बसतात, रबर गरम होऊन किंचित सरकतं. परत आवळल्यावर कोल्हापूरपर्यंत काही झालं नाही. म्हणून नियम केला: पहिली तपासणी निपाणीत, दुसरी बेळगावात, पुढं प्रत्येक पेट्रोलच्या वेळी.

एक गोष्ट मात्र आम्ही कुणी धरली नव्हती. नव्या रबराचा वास. बंद गाडीत तासाभरात डोकं धरतं. उन्हात तर टायरच्या दुकानात झोपल्यासारखं. काच दोन बोटं खाली ठेवून चालवायची, दुसरा इलाज नाही.

चेन्नई

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, पहाटे चारला तो निघाला. चित्रदुर्गला जेवला, बंगळूरला मुक्काम केला, दुसऱ्या दिवशी दुपारी ट्रॅकवर. वाटेत पट्ट्या चारदा आवळल्या. बेळगावनंतर एकही सैल निघाली नाही. चाकांवर मी खडूनं क्रमांक घातले होते: कुठलं कुठल्या बाजूचं, आणि भरायचा क्रम. खळगीतलं पहिलं, मग पुढचं आडवं, मग मागचं, सर्वांत शेवटी सीटवरचं. काढायचं उलट.

शनिवारी सकाळी खरंच पाऊस पडला. त्यानं पहिला भाग रस्त्याच्या टायरवर केला आणि दुपारी ट्रॅक सुकल्यावर चाकं बदलली. बोल्ट टॉर्क पान्यानं, एका फेरीनंतर परत. त्याची वेळ किती लागली हे त्यानं मला तीनदा सांगितलं. मला तो आकडा काही कळत नाही. टायरची झीज सारखी झाली एवढं मला चाकं परत आल्यावर दिसलं.

रविवारी संध्याकाळी सहाला फोन.

"काका, बसंना की!"

"काय बसंना?"

"मागची काच. दोन बोटं राहतीया. जाताना बसलं होतं नव्हं? टायर फुगलं काय गरम होऊन?"

गरम टायर मिलिमीटरभर फुगेल, दोन बोटं नाही. टायरला चिकटलेल्या रबराच्या गोळ्या खरवडल्यास काय, विचारलं. खरवडल्या होत्या. क्रम तोच का? तोच. हवा? सोडली नव्हती, सोडायची गरजही नव्हती. मी दुकानात एकटाच होतो, शटर अर्धं ओढलेलं. डोळे मिटून डिकी आठवायला लागलो: ओठ, गोणपाट, मागचं चाक, त्याची पोकळी.

"जॅक कुठाय?"

"आत. चाकाखाली. हातात घाण झाली म्हणून आधी तोच टाकला…"

पुढं काही बोलला नाही. पट्ट्यांची खटखट, चाक ओढल्याचा आवाज, कुणीतरी तमिळमध्ये हसलं. मग लॅच लागल्याचा आवाज मला फोनवरही स्पष्ट आला.